बिल्डरचं कर्ज: नोंद आहे, निरोप नाही

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेताना आपण बरंच काही विचारतो. कार्पेट एरिया किती, पार्किंग मिळणार का, पाणी महापालिकेचं की टँकरचं, शाळा किती लांब, मशीद किती लांब. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या प्रकल्पावर कर्ज कोणाचं आहे? बिल्डरने ही जमीन, ही इमारत, कदाचित आपण पसंत केलेली सदनिकासुद्धा कोणत्या बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे तारण ठेवली आहे?

हा प्रश्न न विचारण्यात खरेदीदाराचा फारसा दोष नाही. प्रकल्पाला कर्ज देणारी संस्था ग्राहकासमोर येतच नाही. बुकिंगच्या टेबलावर ती नसते, करारनाम्यावर तिची सही नसते, पावतीवर तिचं नाव नसतं. ती समोर येते बिल्डरने हप्ते थकवल्यावर. गेटवर नोटीस चिकटते, मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात 'ताबा नोटीस' छापली जाते, आणि तेव्हा लोकांना कळतं की ज्या घरासाठी आपण स्लॅबप्रमाणे पैसे भरले त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क आपल्या आधीपासून बसलेला आहे.

बांधकामासाठी कर्ज घेणं यात गैर काही नाही. कर्जाशिवाय मोठा प्रकल्प क्वचितच पूर्ण होतो, आणि चांगल्या संस्थेने कर्ज दिलं असेल तर जमिनीची कागदपत्रं कोणीतरी नीट तपासली आहेत एवढा दिलासा तरी असतो. माझा आक्षेप कर्जाला नाही. ज्याच्या पैशावर आणि ज्याच्या घरावर हे कर्ज उभं आहे त्याला त्याची खबर देण्याची स्पष्ट जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर नाही, याला माझा आक्षेप आहे. आपल्याकडचे कायदे नोंदीबद्दल बरंच बोलतात आणि निरोपाबद्दल फार कमी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात लॉग आणि अलर्ट या दोन वेगळ्या गोष्टी असतात. सर्व्हर बिघडला की त्याची नोंद लॉगमध्ये होते. ज्याने तो दुरुस्त करायचा त्याच्या फोनवर संदेश जातो, तो अलर्ट. लॉगमध्ये नोंद होती म्हणून रात्री झोपलेल्या माणसाला बिघाड माहीत होता, असं कोणी म्हणालं तर आम्ही हसू. बांधकाम कर्जाच्या कायद्यात मात्र नेमकं हेच मानलं जातं.

आधी नोंदींकडे पाहू. बिल्डर कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम ७७ नुसार तिने मालमत्तेवर निर्माण केलेला बोजा ३० दिवसांच्या आत कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा असतो. कलम ८० सांगतं की अशी नोंद झाली की ती मालमत्ता घेणाऱ्या प्रत्येकाला बोजाची माहिती होती असं मानलं जाईल. सरफेसी कायद्याखाली २०११ मध्ये 'सेरसाई' ही केंद्रीय नोंदवही सुरू झाली. तिथे बँका आणि वित्त कंपन्या आपली तारणं नोंदवतात, आणि कोणीही नाममात्र शुल्क भरून शोध घेऊ शकतो. जानेवारी २०२० मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनुसार सेरसाईतली नोंद ही नोंदीच्या क्षणापासून सर्वांना दिलेली जाहीर सूचना मानली जाते. त्याच दुरुस्तीने बँकांवर बंधनही घातलं. नोंद केली नसेल तर सरफेसीखाली वसुलीची कारवाई करता येत नाही. म्हणजे नोंद न करण्यात बँकेचं नुकसान आहे, म्हणून ती नोंद काळजीपूर्वक होते. खरेदीदाराला न कळवण्यात बँकेचं तसं नुकसान नाही, म्हणून ते काम राहून जातं.

महाराष्ट्रात आणखी एक तरतूद आहे. मूळ हक्कपत्रं बँकेकडे ठेवून केलेल्या गहाणासाठी नोंदणीकृत गहाणखत करणं सक्तीचं नसतं. कागद तिजोरीत गेले की गहाण झालं. ते बाहेर कोणाला दिसत नसे. म्हणून राज्याने नोंदणी कायद्यात कलम ८९ ब घातलं आणि १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे देणं गहाण ठेवणाऱ्याला बंधनकारक केलं. न दिल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. चांगली सुधारणा आहे. पण तीही सूचना जाते दुय्यम निबंधकाच्या दप्तरात. सदनिका घेणाऱ्याच्या हातात नाही.

नात्यातल्या एका कुटुंबाने ठाणे जिल्ह्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर बघितलं. पैसे देण्यापूर्वी मामूंनी मला कागद तपासायला सांगितलं. माझे दोन दिवस संध्याकाळचे गेले. कंपनी व्यवहार खात्याच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोधावं लागतं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि सर्व्हे नंबरने. सेरसाईवर मालमत्तेच्या पत्त्याने किंवा कर्जदाराच्या नावाने. महारेरावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाने. चार वह्या, चार चाव्या, आणि एका वहीची माहिती दुसरीला माहीत नाही. कंपनीच्या बोजांच्या यादीत एका वित्त कंपनीचं नाव शेवटी सापडलं. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात शेवटच्या पानावर अर्धा डझन बँकांची बोधचिन्हं होती, ग्राहकांना गृहकर्ज देणाऱ्या बँका म्हणून. ज्या कंपनीकडे अख्खा प्रकल्प तारण होता तिचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

मला हे जमलं कारण दिवसभर मी असलीच कामं करतो. मामूंनी आयुष्यभर टेम्पो चालवला. कायद्याच्या नजरेत मात्र आम्हा दोघांना त्या बोजाची सारखीच माहिती होती.

माहितीपत्रकाचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण याबाबत नियम आहे आणि तो जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने म्हटलं होतं की गृहप्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकेने, जमिनीवरचा बोजा माहितीपत्रकात आणि जाहिरातीत जाहीर करण्याचा आग्रह बिल्डरकडे धरला पाहिजे. त्यावरून रिझर्व्ह बँकेने २७ ऑगस्ट २००९ रोजी परिपत्रक काढलं. कर्ज मंजूर करतानाच्या अटींमध्ये तीन गोष्टी घालायला बँकांना सांगितलं. माहितीपत्रकात तारण घेणाऱ्या बँकेचं नाव असावं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत तारणाची माहिती असावी. आणि गरज पडल्यास सदनिका विकण्यासाठी बँकेचं ना हरकत पत्र दिलं जाईल, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असावं. या अटी बिल्डरने पाळल्याशिवाय बँकेने पैसे सोडू नयेत, असंही त्यात म्हटलं आहे. गृहकर्जावरच्या पुढच्या मास्टर परिपत्रकांतही हा नियम आला.

हा नियम कागदावर उत्तम आहे. आता तुमच्या शहरातल्या चौकातली होर्डिंगं आठवा. स्विमिंग पूल दिसतो, जिम दिसतं, मुलांचं उद्यान दिसतं. 'हा प्रकल्प अमुक बँकेकडे तारण आहे' ही ओळ शोधून बघा. ती असलीच तर सर्वांत लहान अक्षरात असते.

असं का होतं? कारण हा नियम सांगण्याचं काम बिल्डरला देतो आणि बँकेला फक्त खात्री करायला लावतो. ज्याला सांगण्यात तोटा आहे त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी टाकली की काय होतं, हे समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. आणि बँकेने खात्री केली नाही तर खरेदीदाराला थेट काय मिळतं, याबद्दल परिपत्रक गप्प आहे.

रेरा कायद्याने २०१६ साली बरंच पुढचं पाऊल टाकलं, ते मान्य केलं पाहिजे. प्रकल्पाची नोंदणी करताना जमिनीवरचे बोजे, हक्क आणि दावे यांचा तपशील प्रतिज्ञापत्रावर द्यावा लागतो. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. सर्वांत महत्त्वाचं कलम ११(४)(एच). एखाद्या सदनिकेचा विक्री करार झाल्यावर बिल्डरने त्या सदनिकेवर गहाण किंवा बोजा निर्माण करायचा नाही, आणि केलाच तर, दुसऱ्या कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी, त्या खरेदीदाराच्या हक्काला धक्का लागणार नाही. आपल्या राज्याच्या १९६३ च्या मोफा कायद्यातही बोजा उघड करण्याची आणि करारानंतर खरेदीदाराच्या संमतीशिवाय गहाण न ठेवण्याची अट होतीच.

पण हे संरक्षण कुठून सुरू होतं ते नीट पाहा. विक्री करार झाल्यापासून. त्याआधीच्या बोजाला हे कलम हात लावत नाही. तिथे उपयोगी पडतं ते फक्त कर्ज देणाऱ्या संस्थेचं ना हरकत पत्र. शिवाय करारच झाला नसेल तर? रेरा सांगतो की नोंदणीकृत विक्री कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आपल्या वस्त्यांमध्ये काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. निम्मी रक्कम देऊन झालेली असते आणि हातात असते वहीच्या पानावरची पावती किंवा नोटरी केलेला शंभर रुपयांचा कागद. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प तर रेरा नोंदणीतूनच वगळलेले आहेत. बिल्डर भागीदारी संस्था असेल किंवा एकटा माणूस असेल तर कंपनी निबंधकाची वहीसुद्धा तिथे नसते.

इथे आपल्या समाजाशी जोडलेली एक गोष्ट बोलायला हवी. गृहकर्ज घेऊन घर घेणाऱ्याला एक संरक्षण न मागता मिळतं. त्याला कर्ज देणारी बँक वकिलाकडून हक्काचा सर्च रिपोर्ट घेते, आणि प्रकल्पावर आधीचं कर्ज दिसलं तर त्या संस्थेचं ना हरकत पत्र मागते. एक कर्जदाता दुसऱ्या कर्जदात्याला शोधून काढतो. पण आपल्यात व्याज टाळायचं म्हणून गृहकर्ज न घेणारी कुटुंबं आहेत. कागदोपत्री उत्पन्न दाखवता येत नाही म्हणून ज्यांना कर्ज मिळत नाही असे दुकानदार, कारागीर, रिक्षावाले आहेत. आखातात कमावलेली रक्कम एकदम आणून घर घेणारे आहेत. या सगळ्यांच्या वतीने कागद तपासणारी दुसरी बँक कोणी नसते. आयुष्यभर कर्जापासून लांब राहिलेला माणूस दुसऱ्याच्या कर्जाखाली सापडतो, तो असा.

त्यात निवडही अरुंद. आडनाव ऐकून 'फ्लॅट शिल्लक नाही' म्हणणाऱ्या सोसायट्या आणि दलाल आजही आहेत. त्यामुळे मुंब्रा, मीरा रोड, कोंढवा अशा ठरावीक भागांतच मागणी एकवटते. जिथे गिऱ्हाईक रांगेत उभं आहे तिथला बिल्डर प्रश्नांना उत्तरं देण्याच्या तसदीत पडत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला तो सांगतो, मागे दहा जण थांबलेत.

आता कर्ज थकल्यावर काय होतं ते बघू, कारण निरोपाची खरी गरज तिथे आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए म्हणजे बुडीत वर्गात जातं. मग बँक सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस देते. कोणाला? कर्जदाराला आणि जामीनदाराला. म्हणजे बिल्डरला. सदनिका घेणारा कर्जदार नसतो, म्हणून त्याला नोटीस देण्याची सक्ती नाही. ९० आणि ६० मिळवा. किमान पाच महिने बँकेला माहीत असतं की हा प्रकल्प अडचणीत आहे, बिल्डरला माहीत असतं, आणि त्याच पाच महिन्यांत आपला माणूस सातव्या स्लॅबचा हप्ता भरतो, आठव्या स्लॅबचा हप्ता भरतो. नवीन बुकिंगही चालू असतात.

त्यानंतर कलम १३(४) खाली ताबा घेतला जातो. ताबा नोटीस मालमत्तेवर ठळक जागी चिकटवावी लागते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कायद्याच्या वाटेवर खरेदीदाराला दिसू शकेल असा हा पहिला टप्पा. या कारवाईविरुद्ध कोणतीही बाधित व्यक्ती कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकते, पण ४५ दिवसांत. बुकिंग केलेला माणूस रत्नागिरीत किंवा रियाधमध्ये असेल तर गेटवरचा कागद त्याला कोण वाचून दाखवणार? आणि मधल्या काळात बँकेने ते कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं तर त्याची सूचना खुद्द कर्जदाराला देणंही कलम ६ मध्ये बँकेच्या मर्जीवर सोडलं आहे. सदनिका घेणाऱ्याचं नाव तर तिथे निघतच नाही.

न्यायालयांनी या बाबतीत खरेदीदाराची बाजू घेतली आहे, हे दिलासादायक आहे. आम्रपालीच्या प्रकरणात नोएडा आणि ग्रेटर नोएडातली ४२ हजारांहून जास्त कुटुंबं अडकली होती. २३ जुलै २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँकांनाही जबाबदार धरलं. दिलेला पैसा कुठे जातो यावर त्यांनी लक्ष ठेवलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि बँकांना आपल्या वसुलीसाठी खरेदीदारांच्या घरांना हात लावू दिला नाही. उरलेलं बांधकाम सरकारी कंपनी एनबीसीसीकडे सोपवलं गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सांगितलं की रेरा आणि सरफेसी यांच्यात विरोध आला तर रेरा वरचढ ठरेल, आणि बँकेने १३(४) खाली कारवाई केली की ती बिल्डरच्या जागी येते, म्हणून खरेदीदार तिच्याविरुद्ध रेरा प्राधिकरणाकडे तक्रार करू शकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची बँकेची याचिका फेटाळली.

हे निकाल मोठे आहेत. पण निकालापर्यंत पोचायला आधी कळावं लागतं. आम्रपालीतली कुटुंबं भाडं आणि हप्ता दोन्ही भरत वर्षानुवर्षं न्यायालयात उभी होती. ज्याला पाच महिने आधी कळलं असतं त्याला इतर खरेदीदारांना गोळा करायला, संघ स्थापन करायला, महारेराकडे जायला वेळ मिळाला असता. प्रकल्पाची नोंदणी रद्द झाली तर उरलेलं काम पूर्ण करण्याचा पहिला अधिकार रेराने खरेदीदारांच्या संघालाच दिला आहे. पण संघ उभा राहायला लोकांनी एकमेकांना ओळखावं लागतं, आणि त्यासाठी संकट दारात येण्याआधी कोणीतरी दार ठोठवावं लागतं.

याला दोन आक्षेप येतील. पहिला, बँकेने बिल्डरच्या अडचणीची बातमी खरेदीदारांना दिली तर घबराट होईल, लोक पैसे भरणं थांबवतील आणि वाचू शकणारा प्रकल्पही बुडेल. या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग प्रश्न असा की धोका कोणी घ्यायचा? आजची व्यवस्था म्हणते की बँकेने सावध व्हावं, बिल्डरने वेळ काढावा आणि ज्याला सर्वांत कमी माहिती आहे त्याने पैसे भरत राहावं. पहिला हप्ता चुकल्याबरोबर दवंडी पिटा असं मी म्हणत नाही. १३(२) ची नोटीस हा मात्र गंभीर टप्पा आहे. तिथे गप्प राहणं म्हणजे खरेदीदाराच्या पैशाने बँकेची जोखीम कमी करणं.

दुसरा आक्षेप असा की बँकेला खरेदीदार ठाऊकच नसतात, ती कळवणार कोणाला? हे पटण्यासारखं नाही. अनेक बांधकाम कर्जांच्या अटींमध्येच असतं की सदनिका विकण्यापूर्वी कर्जदात्याचं ना हरकत पत्र घ्यावं आणि विक्रीची रक्कम ठरावीक खात्यातच यावी. म्हणजे कोणती सदनिका गेली आणि किती पैसे आले हे कर्जदात्याला दिसत असतं. विकलेल्या सदनिकांची माहिती महारेराकडेही अद्ययावत करावी लागते. विक्री करार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असतात. पत्ते आहेत, मोबाइल नंबर आहेत. इच्छा असेल तर हे काम तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही. याहून गुंतागुंतीची कामं आम्ही रोज करतो.

आमच्या क्षेत्रातले अनेक मराठी तरुण कॅलिफोर्नियात स्थायिक झाले आहेत. तिथल्या कायद्यातली एक गोष्ट मला शिकण्यासारखी वाटते. बांधकाम परवान्याच्या अर्जातच प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव आणि पत्ता लिहिण्याची जागा असते, आणि ती माहिती कोणालाही पाहता येते. कारण तिथे उपठेकेदाराला किंवा माल पुरवणाऱ्याला आपल्या पैशाचा हक्क राखायचा असेल तर काम सुरू केल्यापासून २० दिवसांत मालक, मुख्य ठेकेदार आणि कर्जदाता या तिघांना सूचना पाठवावी लागते. तो कायदा मुख्यतः काम करणाऱ्यांसाठी आहे, घर घेणाऱ्यांसाठी नाही. पण त्यामागचा विचार साधा आहे. इमारतीत ज्याचा पैसा आणि ज्याचा घाम आहे त्याला पैसे पुरवणारा कोण हे पहिल्या कागदापासून माहीत असलं पाहिजे.

आपल्याकडे मागणी काय असावी? माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत, आणि त्यांची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर असावी, मग ती बँक असो, गृहवित्त कंपनी असो की एनबीएफसी.

पहिली, प्रकल्पाच्या महारेरा पानावर तारणाची माहिती कर्जदात्याने स्वतः भरावी. नाव, तारीख, रक्कम आणि कोणत्या सदनिका तारण आहेत ते. ही नोंद झाल्याशिवाय कर्जाचा पहिला रुपया सुटू नये. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातींमध्ये क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. त्याच कोडमागे ही माहिती पहिल्या पडद्यावर, मराठीत दिसावी.

दुसरी, तारण असलेल्या प्रकल्पात विक्री करार नोंदवताना कर्जदात्याचं त्या विशिष्ट सदनिकेचं ना हरकत पत्र जोडणं सक्तीचं असावं.

तिसरी, १३(२) ची नोटीस निघाली की तिची प्रत महारेराला आणि करार नोंदवलेल्या प्रत्येक खरेदीदाराला जावी. त्याला वाचता येईल अशा भाषेत. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं तरी तसंच.

चौथी, ज्या खरेदीदाराला अशी सूचना दिली नाही त्याच्या सदनिकेविरुद्ध कर्जदात्याला आपला हक्क चालवता येऊ नये. या चौथ्या गोष्टीशिवाय पहिल्या तिन्ही पुन्हा परिपत्रक बनून राहतील. सेरसाईत नोंद न केल्यास कारवाईचा हक्क जातो म्हटल्याबरोबर बँका नोंदी करू लागल्या. कळवलं नाही तर हक्क जातो म्हणा, त्या कळवू लागतील.

कायदा बदलेपर्यंत आपण हात बांधून बसायचं कारण नाही. पैसे देण्यापूर्वी बिल्डरला लेखी विचारा: प्रकल्पावर कोणाचं कर्ज आहे? तोंडी उत्तर घेऊ नका. कर्ज असेल तर आपल्या सदनिकेच्या नंबरसह ना हरकत पत्र मागा. महारेराच्या पानावरचं प्रतिज्ञापत्र आणि हक्काचा अहवाल वाचा. सातबाऱ्याचा 'इतर अधिकार' रकाना किंवा मिळकत पत्रिका पाहा. वकिलाकडून सर्च रिपोर्ट घ्या, घराच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही. किमतीच्या १० टक्क्यांवर जाण्याआधी करार नोंदवा आणि पैसे महारेराच्या पानावर दिलेल्या प्रकल्पाच्या खात्यातच, बँकेमार्फत भरा. रोखीने दिलेल्या पैशाची आठवण फक्त देणाऱ्यालाच राहते. जुन्या सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल तर बिल्डर विक्रीचा हिस्सा कोणाकडे तारण ठेवतो आहे हे कळवण्याची अट विकास करारातच घाला.

आणि हे काम एकेकट्याने करण्याचं नाही. आपल्या मोहल्ल्यांत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारी तरुण मंडळी आहेत, रक्तदान शिबिरं घेणाऱ्या संस्था आहेत, वकील आहेत, माझ्यासारखे संगणकावर बसणारे आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास बसून घर घेणाऱ्यांचे कागद तपासून द्यायला काय हरकत आहे? चार वह्यांमध्ये शोधायला मला दोन संध्याकाळ लागल्या, दुसऱ्या वेळी एक पुरेल. एका प्रकल्पाचा शोध एकदा झाला की तो तिथे घर घेणाऱ्या सगळ्यांच्या कामी येतो. सापडलेलं लेखी ठेवलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाचं पालन कुठे झालं नाही याचा पुरावाही त्यातून जमा होईल, आणि तो घेऊन रिझर्व्ह बँकेकडे, महारेराकडे, आमदारांकडे जाता येईल. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा आणि साक्षीदारांसमोर करावा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. साक्षीदार ठेवायचा तो ज्याच्यावर परिणाम होणार त्याला कळावं म्हणून.

घर ही आपल्यातल्या बहुतेकांची आयुष्यातली एकमेव मोठी खरेदी असते. त्या घरावर कोणाचा हक्क आधीपासून बसला आहे हे विचारल्याशिवाय आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि ज्या संस्थेने त्या घरावर कर्ज दिलं आहे तिला उत्तर द्यायला भाग पाडणारा कायदा मिळेपर्यंत हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींसमोर विचारत राहा.